मालक अज्ञात

कोंबड्याला पोलीस ठाण्यात ठेवायचं तर त्याला खायला कोण घालणार, याचं उत्तर मला कुठल्याही कागदावर सापडलं नाही. त्यामुळे ते उत्तर मीच झाले. एटापल्लीच्या बाजूला, तिन्ही अंगांनी जंगल असलेल्या त्या ठाण्यात मी हवालदार होते आणि मुद्देमालाची खोली माझ्याकडे होती. मुद्देमाल म्हणजे छाप्यात, चोरीत, भांडणात जप्त झालेली प्रत्येक वस्तू. दारूचे कॅन, कुऱ्हाडी, मोबाईल, रोख रक्कम, आणि त्या हिवाळ्यात दोन झुंजीचे कोंबडे. न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत वस्तू जशी आली तशी राहिली पाहिजे, म्हणजे कोंबडाही जिवंत राहिला पाहिजे. मी घरून तांदूळ आणून त्यांना घालायची. पहाटे बांग ऐकू आली की क्वार्टरमध्ये चहा टाकता टाकता "मुद्देमाल उठला" असं मोठ्याने म्हणायची. ऐकायला कोणी नव्हतं.

ही खोली मी मागून घेतली होती. बाकीचे तिला भीत, कारण चार्ज सोडताना पुढच्याला एकेक वस्तू काढून दाखवावी लागते आणि एखादा जुना चाकू सापडला नाही तरी माणूस अडकतो. मला अडकायला हरकत नव्हती. मी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले, तिथे भोंग्यावर घर चालायचं. लग्न होऊन घुग्घुसला गेले तर नवरा कोळशाच्या खाणीत, म्हणजे पुन्हा पाळ्या आणि भोंगे. तो गेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगी बंगळुरूला नोकरीला. भोंगा संपला आणि कोणाच्या वेळेला भात टाकायचा हेच कळेना. एकटीसाठी ताट घ्यायचा कंटाळा यायचा, म्हणून कढईतूनच खायची. मला फार एकटं वाटायचं. हे सरळ वाक्य लिहायला मला बराच काळ लागला, कारण वर्दीतल्या बाईने असं म्हणू नये अशी माझीच समजूत होती.

कोंबडे आले ते कोंबडबाजाराच्या छाप्यात. धान निघालं, हाती पैसा आला की आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, माणसं जमतात, कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे छोटं धारदार पातं, बांधतात आणि झुंजीवर पैसे लावतात. छापा पडला की जुगारी पळतात, बघे पळतात, चहावालाही स्टोव्ह सोडून पळतो. त्या दिवशीही सगळे पांगले. मागे राहिले दोन कोंबडे, कात्या, थोडी रोकड, दहा-बारा मोटारसायकली आणि एक पिवळी मोपेड. मोपेडच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत फुटाणे, आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. पंचनामा झाला. गाड्या ठाण्याच्या अंगणात आणून लावल्या आणि मी नोंदवहीत प्रत्येकीसमोर लिहिलं, मालक अज्ञात.

मोटारसायकलींचे मालक आठवड्याभरात उगवले. कोणी वकील घेऊन, कोणी गावच्या पुढाऱ्याला पुढे घालून. त्यांनी न्यायालयात अर्ज केले आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावू तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, गाड्या नेल्या. कोंबड्यांचा लिलाव अंगणातच झाला. घेणारा ते शिजवणार नाही, पुन्हा झुंजीलाच लावणार, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बांग आली नाही आणि मला चुकल्यासारखं झालं.

मोपेडचा मालक महिन्याने आला. गुरुवार होता, आमच्या गावचा बाजार. साठी ओलांडलेला, वाळकुडा माणूस, डोक्यावर टोपली. फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. आत यायला घाबरत होता. मग मी पाहिलं की तो अंगणातल्या मोपेडजवळ गेला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने सीट पुसली आणि भोंगा दाबला. पों. मी खोलीतून बाहेर आले.

"बाई, हे माह्यी गाडी आहे जी," तो म्हणाला. "मी काही लावलं नाई. मी फुटाणे विकून राह्यलो होतो."

"मग पळाले कशाले, भाऊ?"

"सारेच पळाले, मी एकटा कायले उभा राहू?"

मला हसू आलं. या तालुक्यातला प्रत्येक माणूस हेच करतो. खाकी दिसली की आधी पळायचं, गुन्हा केला की नाही ते घरी जाऊन आठवायचं. पळाला नसता तर त्याचं नाव पंचनाम्यात आलं असतं आणि गाडी केव्हाच सुटली असती.

मोपेडवर तो आठवड्यात पाच गावांचे बाजार करायचा. घरी बायको फुटाणे भाजायची, हा विकायचा. आता टोपली डोक्यावर घेऊन चालत एकच बाजार होत होता, आमचा. पाचाचा एक झाला म्हणजे घरात काय उरलं असेल, ते मला त्याच्या चपलेकडे पाहूनच कळलं. त्याने मला कागदाच्या पुडीत फुटाणे दिले. मी पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. ते फुटाणे मी रात्री जेवणाऐवजी खाल्ले.

गाडीचे कागद मागितले तर ते एका मास्तरच्या नावावर निघाले. जुनी गाडी घेतली, नाव बदलायचं राहून गेलं. म्हणून मी सांगितलं, मास्तरकडून लिहून आणा. पुढच्या गुरुवारी त्याने आणलं. मग आधार कार्डाची नक्कल. मग सरपंचाचा दाखला. इथपर्यंत मी प्रामाणिक होते. हे सगळं खरोखरच लागत होतं.

पण त्या चार गुरुवारांत काहीतरी झालं. तो यायचा, मोपेड पुसायचा, भोंगा दाबायचा, आणि मी दोन कप चहा सांगायची. तो मला बाजारांच्या गोष्टी सांगायचा. कुठल्या गावात लग्न ठरलं, कुठल्या गावचा हँडपंप बिघडला, कुठे वाघ दिसला आणि दिसला म्हणणारा किती खोटारडा. आमचं ठाणं तिठ्यावर, पाचही बाजारांना तिथूनच जावं लागतं. तो म्हणाला, "रोज सकाळी इथूनच जात होतो जी, भोंगा वाजवत." मग मला आठवलं. तो आवाज मी रोज ऐकला होता. मासेवाला असेल असं समजून कधी खिडकीतून डोकावलेही नव्हते. तो आवाज बंद झाला तेही मला कळलं नाही.

सगळे कागद जमले त्या दिवशी मी त्यांचा गठ्ठा करून लिफाफ्यात घातला. न्यायालयात अर्ज पाठवायचा, वर आमच्या ठाण्याचा अभिप्राय लावायचा, की झालं. अर्ध्या तासाचं काम. मी लिफाफा टेबलाच्या खणात ठेवला आणि त्याला म्हणाले, "साहेब सुट्टीवर आहेत. पुढच्या बाजाराले या."

साहेब सुट्टीवर नव्हते. शेजारच्या खोलीत होते.

पुढच्या बाजाराला म्हणाले, कोर्टाला तारीख आहे. त्याच्या पुढच्याला म्हणाले, वरून कागद यायचा आहे. तो "बरं जी" म्हणायचा. सरकारी कामाला वेळ लागतो हे त्याला इतकं पाठ होतं की त्याने एकदाही संशय घेतला नाही. मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा तो ओंजळभर घेऊन आला, उन्हाळ्यात टेंभरं, तेंदूची फळं, आणली. बुधवारी रात्री मी वर्दीला इस्त्री करताना गुणगुणायला लागले. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं, करू की, पुढच्या आठवड्यात करू. गाडी काय पळून जाते?

मध्येच आमचे साहेब बदलले. नवे साहेब तरुण, साताऱ्याकडचे, झपाटून काम करणारे. आल्या दिवशी त्यांनी अंगणातल्या गाड्या, वेलींनी गिळलेले वाळूचे ट्रॅक्टर, दारूच्या जुन्या जीपा पाहिल्या आणि म्हणाले, "ही सगळी संपत्ती सडतेय." आजवर जप्तीचा पैसा सरकारजमा व्हायचा आणि आमच्यापुरता तिथेच संपायचा. साहेबांनी पाठपुरावा केला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेपा घातल्या आणि मंजुरी आणली की बेवारस मालाच्या लिलावातला काही वाटा ठाण्याच्या सोयींसाठी मिळेल. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "गुन्हेगारांच्या पैशातून जनतेची सोय. यापेक्षा न्याय काय असतो?" आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या ठाण्याचं छत गळत होतं आणि बाहेर बसायला बायाबापड्यांना धड बाकडं नव्हतं.

त्यानंतर मात्र अंगणाकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली. गाडी पकडून आणली की पोरं आधी टायर बघायची. "याचे बरे येतील," म्हणायची. कोणी मालक कागद घेऊन आला की उगाच तोंड वाकडं व्हायचं. वाईट कोणीच नव्हतं. गळक्या छताखाली बसणाऱ्या माणसाला पत्र्याची स्वप्नं पडतात, एवढंच. एकदा शेजारच्या हवालदाराने पिवळ्या मोपेडला पाय टेकवून विचारलं, "हिचा कोणी येऊन राह्यला का?" मी म्हणाले, "पाहते."

बेवारस गाड्यांची यादी मलाच करायला सांगितली. मी जुन्या नोंदवहीवरून उतरवली. मोपेडसमोर मालक अज्ञात लिहिलेलं होतं, ते तसंच उतरलं. हात थांबला होता, खोटं नाही सांगत. पण ते खोडून मालकाचं नाव लिहायचं तर साहेब विचारणार, कागद केव्हा आले? आणि इतके दिवस खणात का? मी ठरवलं, अर्ज चुपचाप पाठवून देईन, मग यादीतून नाव काढेन. यादीची नोटीस बाहेर फळ्यावर लागली. गुरुवारी तो तिच्याखाली बसून चहा प्यायला. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं आहे बाई?"

"काही नाही भाऊ. जुन्या गाड्यांचं आहे."

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी आराम सांगितला होता. मी रजा टाकली आणि बंगळुरूला गेले. तिथे स्वयंपाकाला बाई होती, भाजी फोनवर येत होती, जावई भला होता. मी बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायची. मुलगी दमून झोपायची. कोणालाच माझी तशी गरज नव्हती, आणि गुरुवार आला की माझा जीव ठाण्यात जायचा. त्या तीन आठवड्यांत मला खणातला लिफाफा आठवला नाही असं म्हणता येणार नाही. आठवला. फोन करून सांगायचं धैर्य झालं नाही.

परत आले तर अंगण मोकळं. जमिनीवर तेलाचे काळे डाग आणि जिथे मोपेड उभी असायची तिथे पिवळं पडलेलं गवत. लिलाव झाला होता. सगळा लॉट चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याने घेतला. मी त्याचा नंबर मिळवला, पोलीस आहे म्हणून सांगितलं, पिवळी मोपेड असेल तर विकत घेते म्हणाले. तो म्हणाला, "म्याडम, त्या सगळ्या कापल्या जी."

त्या गुरुवारी तो आला. रिकाम्या अंगणात उभा राहिला, टोपली डोक्यावरच. मी धावत बाहेर गेले आणि म्हणाले, "गाडी तालुक्याला नेली भाऊ. कोर्टात दाखवायला."

"म्हणजे आता सुटन?"

"हो. सुटेल."

पूर्ण पावसाळा मी हे चालवलं. नाल्याला पूर असला तरी तो यायचा. वास्ते घेऊन यायचा, बांबूचे कोवळे कोंब, आणि कसे चिरायचे ते पुन्हा पुन्हा सांगायचा. चहा मीच सांगायची, पण आता मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्या सोबतीसाठी हे केलं ती सोबतच गेली. समोर माणूस बसलेला असायचा आणि मी एकटी असायची, पहिल्यापेक्षा जास्त. तो विचारायचा, "बाई, तब्येत बरी नाई का?"

धान कापणीला आलं तेव्हा लिलावातला वाटा आला. दर्शनी भागात छताला नवे पत्रे लागले, स्टीलच्या आठ खुर्च्या आल्या आणि थंड पाण्याचं मशीन. उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचं यावर साहेबांचं मत स्पष्ट होतं. पुढारी नको, सामान्य नागरिक हवा. दिवस गुरुवारचा ठेवला, बाजारामुळे चार माणसं येतात म्हणून. अकराच्या सुमाराला तो फाटकातून आला. साहेबांनी त्याला दर गुरुवारी पाहिलं होतं. त्यांना वाटायचं तो माझा नातेवाईक.

"या बाबा, या," साहेब म्हणाले. त्याच्या डोक्यावरची टोपली त्यांनी स्वतः उतरवून घेतली. त्याला रिबीन कापायला लावली, स्टीलच्या पेल्यात पहिलं पाणी भरून दिलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. फोटो निघाला. मी मागच्या रांगेत उभी होते. साहेब म्हणाले, "बाबा, हे सगळं गुन्हेगारांच्या पैशातून बरं का. सरकारचा एक रुपया नाही."

"चांगलं केलं जी," तो म्हणाला. "लोकाईले बसाले झालं."

माणसं पांगली. तो खुर्चीवरच होता, पेला दोन्ही हातांत धरून. थंड पाणी त्याच्या दातांना लागत होतं, म्हणून घोट घोट पीत होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसले.

"भाऊ, तुमची गाडी गेली. लिलावात गेली, उन्हाळ्यातच. ह्या खुर्च्या, हे मशीन, त्याच पैशाचं आहे."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग मशीनकडे. म्हणाला, "पण मी तं कागद देल्ले होते."

"दिले होते. माझ्या खणात होते. पाठवायचे राहिले..." आणि इथेही मी खोटंच बोलत होते, म्हणून थांबले. "राहिले नाही. मी पाठवले नाहीत."

"काऊन?"

बाहेर बाजाराचा गलका होता. मला वाटलं होतं हे सांगताना रडू येईल. आलं नाही. "गाडी मिळाली असती तर तुम्ही यायचं बंद केलं असतं," मी म्हणाले. "माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग म्हणाला, "बाई, गाडी असती तं मी रोज आलो असतो. रोज इथूनच तं जात होतो जी."

मी म्हणाले, मी माझ्या पगारातून जुनी मोपेड घेऊन देते, या महिन्यातच. तो "पायतो" म्हणाला. पेल्यातलं उरलेलं पाणी त्याने बाहेर तुळशीच्या कुंडीत ओतलं, पेला जागेवर ठेवला, टोपली उचलली. मी हात लावायला गेले तर त्याने ती स्वतःच डोक्यावर घेतली. त्या दिवशी फुटाण्यांची पुडी मिळाली नाही.

संध्याकाळी मी सगळं लिहून साहेबांकडे दिलं, लिफाफ्यासकट. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, पैसा खर्ची पडलाय, मोपेड भंगार झालीय, आता मी तरी काय करू? माझी चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, मुद्देमालाची खोली गेली. त्याच्या गावी मी कोतवालाकडून दोनदा निरोप पाठवला, गाडी बघून ठेवलीय म्हणून. उत्तर आलं नाही. उद्घाटनाचा फोटो साहेबांनी फ्रेम करून मशीनच्या वर लावला. बाजाराच्या दिवशी माणसं येतात, पाणी पितात, खुर्च्यांवर बसतात. सोय खरोखरच झाली आहे, ते नाकारून चालणार नाही.

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी सकाळपासून तिठ्यावर उभी होते, बंदोबस्ताचं निमित्त काढून. नऊच्या सुमाराला तो आला. नेहमी ठाण्याच्या बाजूने यायचा, त्या दिवशी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालला होता. मी हाक मारली, "भाऊ." त्याने ऐकलं असावं, कारण पाऊल किंचित अडखळलं. डोक्यावर भरलेली टोपली असली की माणसाला मान वळवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि तो बाजाराच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिले.